बोटीवर जायच्या आधी सांगलीला फोन

लंडनच्या क्रॉयडनहून एका सूनबाईंचं लांबलचक पत्र आलंय. त्यातला मुख्य भाग असा:

"मावशी, येत्या नोव्हेंबरात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होतील. त्यानिमित्त ह्यांनी क्वीन मेरी २ या बोटीचं साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क बुकिंग केलंय, सप्टेंबरअखेर, सात रात्रींचं. मला समुद्रप्रवासाची फार हौस. रोज झोपण्याआधी बोटीचा नकाशा उघडून आमची कॅबिन कुठे आहे ते बघते. पण सांगलीला सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. हे म्हणतात, ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेला जातोय एवढंच सांगू. यंदा रजा उरत नाही, त्यामुळे दिवाळीला जाणं होणार नाही. तिकडे घराची गच्ची गळतेय, ते काम दोन पावसाळे राहिलंय. अशात आम्ही बोटीवर निघालो हे कळलं तर त्यांना काय वाटेल?"

याखेरीज शाकाहारी जेवण, बोट लागणं, साडी, पितृपक्ष आणि पासपोर्ट असे पाच प्रश्न आहेत. त्यांच्याकडे येईन. आधी तो फोन.

अगं, वयाने मोठी म्हणून एकेरीत लिहिते. पंचवीस वर्षं संसार केलात, तोही परक्या देशात, हाताशी आजी-आजोबा नसताना मुलं वाढवून. सात रात्री समुद्रावर काढायचा तुम्हा दोघांना पूर्ण हक्क आहे. तुझं पत्र वाचताना मलाच हुरूप आला. आणि मग त्या "ऑफिसच्या कामासाठी" वर येऊन थबकले.

हे सदर नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे की या एका गोष्टीवर मी पुन्हा पुन्हा लिहिते. दुःख घरी कळवत नाही आपण, ते मी समजू शकते. नोकरी गेली, ताप आला, छातीत दुखलं, तर तिकडे उगाच जिवाला घोर नको म्हणून गप्प बसतो. पण आता आपण आनंदही लपवायला लागलोय. व्हिडिओ कॉल लावताना नवा सोफा दिसू नये म्हणून फोन भिंतीकडे वळवणारी माणसं मी पाहिली आहेत. नवी गाडी घेतली तर भाच्यांना दम देतात, आजीला सांगू नका म्हणून. आईवडील तिकडे एकटे, आणि आपण इकडे सुखात, ही टोचणी प्रत्येकाला आहे. मलाही आहे. पण तिच्यावर खोटं बोलणं हा उपाय नाही. सुखात वाटा मिळाला नाही की घरचं माणूस हळूहळू पाहुण्यासारखं होतं. त्याला फक्त तब्येत आणि हवामान सांगितलं जातं.

माझ्या धाकट्या बहिणीचं उदाहरण देते. ती आणि तिचे यजमान स्वित्झर्लंडला गेले, आणि आईला सांगितलं की त्यांचं ऑफिसचं ट्रेनिंग आहे. शब्दही जवळपास तुझ्या यजमानांचेच. ल्युसर्नच्या तळ्यावरचा दोघांचा फोटो पुतण्याच्या फोनवरून आईपर्यंत पोचायला आठवडाही लागला नाही. आई रागावली नाही. पुढच्या रविवारी फोनवर तिने एवढंच विचारलं, "ट्रेनिंग झालं का गं नीट?" बहीण "हो" म्हणाली. त्यानंतर आईने तिला कुठल्याच प्रवासाचं काही विचारलं नाही, अगदी शेवटपर्यंत. बहीण आजही त्या "हो"बद्दल बोलताना रडते.

आता तुझ्या पत्राच्या तळाशी, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात जे लिहिलंस ते तुलाच वाचून दाखवते: "ता. क. सासूबाईंचे थोरले भाऊ १९५८ साली मुंबईहून बोटीने लिव्हरपूलला शिकायला गेले होते. बॅलार्ड पियरवर सगळं घर पोचवायला गेलं होतं, ते त्या अजून सांगतात."

अगं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच ताज्या कलमात लिहून ठेवलंयस! जिला १९५८ सालचा तो बंदराचा धक्का आजही आठवतो, तिच्यापासून तू बोट लपवायला निघालीस?

त्या काळी मुंबई ते लिव्हरपूल अँकर लाइनच्या बोटी जायच्या, सिलिशिया, सर्केशिया आणि कॅलेडोनिया. मामा बहुधा त्यातल्याच एकीने गेले असतील, सासूबाईंना नाव विचारून बघ, मला खात्री आहे त्या झटकन सांगतील. एडन, सुएझ, पोर्ट सैद करत जवळपास तीन आठवड्यांचा प्रवास. माझे सासरे पी अँड ओ कंपनीच्या बोटीने १९६२ साली लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले. एडनहून त्यांनी टाकलेलं पोस्टकार्ड आमच्या आजेसासूबाईंनी देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवलं होतं. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा त्यांनी ते मला काढून दाखवलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या, कापराचा वास येत होता, आणि मजकूर जेमतेम चार ओळींचा: बोट मोठी आहे, जेवण बेताचं आहे, काळजी नसावी. त्या चार ओळींवर त्या बाईने पुढचं पत्र येईपर्यंतचे दिवस काढले. मागे राहणाऱ्या माणसालाही प्रवास घडतो, गं. त्याला सांगितलं तरच घडतो.

तुमची बोट जिच्या मालकीची, त्या क्यूनार्ड कंपनीची सुरुवातही लिव्हरपूलचीच. १८४० साली ब्रिटानिया नावाची त्यांची बोट तिथून हॅलिफॅक्स आणि बॉस्टनला निघाली. तिथल्या पियर हेडवर नदीकाठी कंपनीची जुनी भव्य इमारत अजून उभी आहे. मामा तिथे उतरले तेव्हा तीच इमारत होती. आणि आज अटलांटिकच्या या वाटेवर नेमाने ये-जा करणारी लाइनर म्हणावी अशी एकच बोट उरली आहे, तुमची. क्रूझच्या बोटी रग्गड आहेत, पण त्या बंदराबंदरांतून हिंडवण्यासाठी बांधलेल्या. क्वीन मेरी २ महासागर ओलांडण्यासाठी बांधली, फ्रान्समध्ये सेंट नझेरला. २००४ साली सुरू झाली, लांबी ३४५ मीटर. तिच्या भोंग्यांपैकी एक १९३६ सालच्या मूळ क्वीन मेरीचा आहे आणि तो दहा मैलांवर ऐकू जातो. हे सगळं सासूबाईंना सांग. भाऊ ज्या तऱ्हेने परदेशी गेला त्या तऱ्हेने मुलगा आणि सून निघालेत, असं त्यांना कळू दे.

तर फोन असा कर. येत्या रविवारी, दोघांनी मिळून. यजमानांना शेजारी बसव, बातमी त्यांच्या तोंडूनच गेली पाहिजे, कारण लपवायची कल्पना त्यांची आणि आई त्यांची. सुरुवात मामांच्या बोटीपासून करा. मग तुमच्या बोटीची बातमी. आणि त्याच फोनमध्ये, लगेच, सांगलीला केव्हा येणार ती तारीख. "बघू, जमलं की येतो" हे नको. जानेवारीत नव्या वर्षाची रजा हातात आली की संक्रांतीला येतो म्हणा, आणि फोन करण्याआधी ते तिकीट काढलेलं असू दे. दिवाळीला येणार नाही हे ऐकून त्यांना वाईट वाटेल, वाटू दे, तेवढा त्यांचा अधिकार आहे. पण पाठोपाठ तारीख कानावर पडली की मन तिच्याकडे वळतं. माझ्या सासूबाई कॅलेंडरच्या चौकोनात लाल पेनने विमानाची वेळसुद्धा लिहून ठेवत.

गच्चीचा विषय बोटीत मिसळू नकोस. बोटीला पैसे आहेत आणि गच्चीला नाहीत, असं चित्र असेल तर सासूबाईंनी बोललेलं ऐकून घ्यावं लागेल, स्पष्टच सांगते. दोन पावसाळे थांबायला नको होतं. वॉटरप्रूफिंगवाल्याचं कोटेशन दिराकडून किंवा शेजाऱ्यांकडून मागवा, आगाऊ रक्कम याच महिन्यात पाठवा, आणि पाऊस उघडल्यावर काम सुरू होईल असं पक्कं करा. प्रवासातला काही खर्च कमी करावा लागला तर करा. बाल्कनीची कॅबिन सोडून आतली घेतलीत तरी बोट तीच आणि समुद्रही तोच.

सासूबाईंना भीती वाटेल ती टायटॅनिकची, कारण तीही साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कलाच निघाली होती. हसण्यावारी नेऊ नका. सांगा की १९१२ साली त्या बोटीवर जीवरक्षक नावा जेमतेम निम्म्या माणसांपुरत्या होत्या. त्या अपघातामुळेच १९१४ साली समुद्रावरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि आता नावांत सगळ्यांना जागा असावीच लागते. निघण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला कुठे जमायचं त्याची तालीम घ्यावी लागते. हिमनगांवर नजर ठेवणारी गस्तही तेव्हापासूनची. त्यांचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते जुलै, तुम्ही सप्टेंबरात जाताय.

आणखी एक कर. बोटीवर रोज दुपारी बारा वाजता कॅप्टन घोषणा करतात, त्यात बोट कुठे आहे ते सांगतात. ते अक्षांश-रेखांश लिहून घे आणि सासूबाईंना पाठव. घरात नातवंडांचा जुना शाळेचा नकाशासंग्रह असेलच, तो काढून ठेवायला सांग, म्हणजे रोज पेन्सिलने एक ठिपका देता येईल. बोटीवर उपग्रहाचं इंटरनेट मिळतं, पण त्याचे पैसे वेगळे पडतात, म्हणून रोज अर्धा तास व्हिडिओचा बेत करू नका. एक मेसेज पुरे. घड्याळाचंही आधी समजावून सांग. पश्चिमेला जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात, दिवस पंचवीस तासांचा होतो. निघताना सांगली तुमच्या साडेचार तास पुढे असेल, न्यूयॉर्कला पोचाल तेव्हा साडेनऊ तास. शेवटी शेवटी तुमच्या दुपारच्या बाराला तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतील. वाट बघत जाग्या राहू नका, सकाळी उठून बघा, असं बजावून ठेव.

आता बाकीचे प्रश्न. जेवणाची चिंता सोड, शाकाहारी मिळतं, अंडं चालत नसेल किंवा कांदा-लसूण नको असेल तर बुकिंगवाल्यांना आत्ताच लेखी कळव. बोट लागण्याचं म्हणशील तर ही बोट खोल आणि जड बांधणीची, बाजूला डोलणं रोखणारे पंखही आहेत, तरी अटलांटिक तो अटलांटिक. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची कॅबिन कमी हलते. केमिस्टकडून गोळ्या घे, रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून, आणि आलेपाकाच्या वड्या पर्समध्ये असू देत. साडी चालते का, हे विचारायचं तरी का? गाला म्हणतात त्या, नटूनथटून जायच्या, दोन रात्री असतील, आपापला पारंपरिक पोशाख चालतो. पैठणी ने. यजमानांनी गडद सूट.

पितृपक्षात निघू नये असं सासूबाईंना वाटलं तर वाद घालू नकोस. सासऱ्यांची तिथी कधी येते ते त्यांना विचार, आणि त्या दिवशी सांगलीत जे करायचं त्याचा खर्च आणि व्यवस्था निघण्याआधी लावून दे. तारीख बदलण्याची गरज मला वाटत नाही.

पासपोर्टचं मात्र तू सगळ्यात शेवटी, एका ओळीत लिहिलंस: "ह्यांचा ब्रिटिश आहे, माझा भारतीयच, पण बोटीने जातोय म्हणजे काही अडचण नसावी ना?" अडचण आहे! बोटीने गेलं तरी अमेरिका ती अमेरिकाच. यजमानांना एस्टा, म्हणजे व्हिसाऐवजीची ऑनलाइन परवानगी, पुरेल, तुला रीतसर व्हिजिटर व्हिसा लागेल, तो नसेल तर साउदॅम्प्टनलाच चढू देणार नाहीत. मुलाखतीच्या तारखेसाठी खूप थांबावं लागू शकतं. परतताना विमानात बसण्याआधी तुझा ब्रिटनचा ई-व्हिसा चालू पासपोर्टलाच जोडलेला आहे ना, तेही तपास. व्हिसाच्या फॉर्ममध्ये प्रवासाचं कारण खरं लिहावं लागतं, हे यजमानांना दाखव. रविवारी सांगलीचा फोन झाला की सोमवारी तो फॉर्म भरायला बस.