हेलिकॉप्टरच्या पात्यांना हलते फ्लॅप लावले तर कामगिरी सुधारते का?

सुधारते, पण 'जास्त वजन उचलेल का' या बाबतीत थोडीच. (फ्लॅप म्हणजे पात्याच्या मागच्या कडेला बसवलेली, वरखाली हलणारी पट्टी.) मोठा फायदा थरथर आणि आवाज कमी होण्यात आहे. रोटरची, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या संचाची, कंपनं हेच माझं काम, म्हणून जरा खोलात जातो.

पुढे उडताना एका बाजूचं पातं वाऱ्यावर चाल करून जातं, दुसऱ्या बाजूचं वाऱ्याच्या दिशेने मागे सरतं. त्यामुळे पात्यावरचं बळ प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होतं आणि त्याचे हादरे केबिनपर्यंत पोचतात. स्वॉशप्लेट, म्हणजे वैमानिकाच्या दांड्याची हालचाल पात्यांपर्यंत नेणारी तबकडी, पात्याचा कोन फेऱ्यात एकदाच वरखाली करते. चार पात्यांच्या रोटरचे हादरे कमी करायला मात्र बदल हवा असतो फेऱ्याला तीन, चार आणि पाच वेळा. बीके-११७ या हेलिकॉप्टरचा रोटर मिनिटाला साधारण ३८३ फेरे घेतो. म्हणजे फ्लॅप सेकंदाला १९ ते ३२ वेळा हलायला हवा.

आता खरी मेख. फ्लॅप खाली केला की उचल वाढेल असं आपण धरून चालतो. पण मागच्या कडेवर वाढलेलं बळ पात्याचं नाक खाली दाबतं. पातं पिळायला मऊ असेल तर ते पिळतं, कोन घटतो आणि उचल चक्क कमी होते! कमान कंपनीच्या के-मॅक्स हेलिकॉप्टरचं नियंत्रण याच पिळावर चालतं. म्हणून फ्लॅपच्या आधी पात्याचा ताठरपणा ठरवा. माझ्या मते प्रकल्पाचा निकाल तिथेच लागतो.

फ्लॅप हलवायचा कशाने, हा दुसरा प्रश्न. बीके-११७ च्या रोटरवर मध्यापासून ४ मीटरवर प्रत्येक भागावर गुरुत्वाच्या सुमारे ६५० पट ओढ असते. म्हणून पिझो स्टॅक, म्हणजे वीज दिली की किंचित लांबणाऱ्या चकत्यांची चळत, वापरतात, पण ते लांबीच्या जेमतेम हजाराव्या भागाइतकेच ताणले जातात. १० सेंटिमीटरला ०.१ मिलिमीटर. ती हालचाल तरफांनी वाढवावी लागते.

तरीही हे जमलंय. युरोकॉप्टरने २००५ मध्ये असे फ्लॅप लावलेलं बीके-११७ उडवलं. बोईंगच्या अशाच पूर्ण आकाराच्या रोटरची चाचणी २००८ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रातल्या वातबोगद्यात झाली.

मग सर्रास का दिसत नाहीत? त्या चाचण्यांत फ्लॅप स्वॉशप्लेटच्या जोडीला होते, म्हणजे वजन आणि खर्च वाढलाच. स्वॉशप्लेट काढली तर वजन वाचेल, पण मग फ्लॅप अडकला की वैमानिकाच्या हातात काहीच उरत नाही.