चालतं घर : वाचकांचे प्रश्न, मिस्तरींची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या टेम्पो ट्रॅव्हलर आणि मेटाडोरमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून केलेल्या चालत्या घरांविषयी लिहिलं होतं. शेवटी 'काही अडलं तर विचारा' असं सहज लिहून गेलो, तर पत्रांचा गठ्ठाच आला. बहुतेकांचं रडगाणं एकच : पार्ट मिळत नाही. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. ज्यांची छापली नाहीत त्यांची अडचणही बहुधा यातच सापडेल.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. २००४ सालच्या ट्रॅव्हलरचं आधीच्या मालकाने केलेलं चालतं घर घेतलं. पावसाळ्यात उजव्या खिडकीखालची गादी भिजते. दर वर्षी सिलिकॉन भरून घेतो, गळती तशीच. खिडकीचं रबर तडकलंय आणि दुकानदार म्हणतो, या खिडकीचं रबर येतच नाही. (वाचक, अमळनेर)

उत्तर : सर, गादी भिजते तिथेच गळतंय असं धरून चालू नका. छताला आतून आडव्या कमानी असतात. पाणी वर पंख्याच्या झाकणापाशी शिरतं, कमानीच्या पोटातून सरकत कडेला येतं आणि खिडकीच्या चौकटीवरून खाली उतरतं. बिचाऱ्या खिडकीवर आळ येतो.

म्हणून आधी गळती शोधा. पावसाची वाट कशाला बघायची, मे महिन्यातच पाण्याचा पाईप घ्या. खिडकीभोवतीची आतली प्लायची पट्टी काढून एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं. दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं, पण खालून वर. आधी फक्त खिडकीची खालची कड, तिथे पाच-दहा मिनिटं धार ठेवा. मग उभ्या बाजू, मग वरची कड, मग पन्हळ. छत सगळ्यात शेवटी. एकदम छतावर पाणी ओतलं की सगळीकडून वाहतं आणि कळत काहीच नाही. धार साधी ठेवा. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने चांगली खिडकीसुद्धा गळेल.

आता सिलिकॉनचं. जुन्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन चिकटत नाही, दुसरं काहीही चिकटत नाही. थरावर थर चढतात आणि पाणी खालच्या फटीतून आपलं येत राहतं. शिवाय बाथरूमसाठीचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्रा खातं. ते सगळं प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावं लागेल. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला दुसरा इलाज नाही. जागा थिनरने पुसा, गंज असेल तर घासून प्रायमर मारा. छतावरच्या झाकणाची चौकट स्क्रू काढून उचला, खाली ब्युटिलची चिकट पट्टी ठेवा आणि परत कसा. उघड्या सांध्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लावा आणि वाळल्यावर त्यावर रंगाचा हात द्या, कारण उघडं पीयू उन्हाने तडकतं. काम सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी आपल्याकडे पत्र्यावर हात टेकवत नाही, आणि सीलंटला वरून लगेच साय धरते. डांबराचा थर देऊ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पंचेचाळीस अंशाला ते डांबर खिडकीच्या काचेवर उतरतं.

रबराचं म्हणाल तर दुकानदार खोटं बोलत नाही. खिडकी गाडीच्या कंपनीची नाहीच, बॉडी बांधणाऱ्याने बसवलेली आहे. ती गाडीच्या नावाने मागून मिळणार कशी? जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापा. धारदार ब्लेडने आडवा छेद दिला की त्याचं अंग दिसतं : एक खाच काचेची, दुसरी पत्र्याची, आणि असलीच तर तिसरी बारीक खाच वरून ठोकायच्या लॉकिंग पट्टीची. काचेची जाडी आणि पत्र्याच्या कडेची जाडी मोजून कागदावर लिहा. जळगाव, धुळे, मालेगाव इथे बस-ट्रकच्या बॉडीचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथे तुकडा ठेवायचा आणि मीटरवर रबर घ्यायचं. गाडीचं नावसुद्धा सांगू नका. ईपीडीएम मागा, ऊन-पाऊस सोसणारं रबर ते. स्वस्तातलं पीव्हीसी आपल्या उन्हात पापड होतं.

बसवणं घरी जमतं, दोन माणसं हवीत. तुमच्या रबराला लॉकिंग पट्टी नसेल तर अशी रीत आहे. रबर आधी काचेभोवती चढवा. सांधा कोपऱ्यात नको, सरळ बाजूच्या मध्यावर घ्या आणि रबर किंचित लांब कापा, म्हणजे टोकं एकमेकांवर दाबून बसतात. पत्र्याच्या खाचेत बोरूएवढ्या जाडीची नायलॉन दोरी सगळीकडून दाबून भरा. तिची दोन्ही टोकं खालच्या बाजूला वीतभर एकावरून एक जाऊ द्यात आणि गाडीच्या आत लोंबती ठेवा. खाचेला साबणाचं पाणी लावा. तेल-ग्रीस नको, ईपीडीएम फुगतं. बाहेरच्याने तळव्याने काच दाबून धरायची. आतल्याने दोरीचं एक टोक काचेच्या मध्याच्या दिशेने हळूहळू ओढत जायचं. दोरी सुटत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटतो, हाताला तो 'टप टप' बसताना कळतो. कोपऱ्याशी अडेल. तिथे ओढ वाढवायची नाही, बाहेरच्याने दाब कोपऱ्याकडे सरकवायचा. पान्याच्या टोकाने काच ढकलू नका. टफन्ड काचेचा कोपरा दुखावला की अख्खी काच खड्यासारखी पायाशी येते. चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात माझी निम्मी नोकरी या कामात गेली. तिथेही आम्ही नवख्या पोराला आधी फक्त बाहेरून दाबायला उभा करायचो.

प्रश्न : माझ्या गाडीतला पाण्याचा पंप परदेशी आहे. नळ बंद असला तरी रात्री मध्येच 'घर्र' करतो. नवीन पंपाची किंमत ऐकून घाम फुटला. आमच्या कापसाच्या फवारणीच्या बॅटरी पंपात दिसायला तसलाच पंप असतो. तो चालेल का? (शेतकरी वाचक, शिरपूर)

उत्तर : आबा, चालेल. तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण नजर बरोबर ठिकाणी गेली. आपल्याकडचे लोक म्हणतात ना, 'गाडी मन्ही शे, पन पार्ट लोकेसना', म्हणजे गाडी माझी, पण पार्ट लोकांचे. जुन्या चालत्या घराचं तसंच असतं. पाण्याचे पार्ट शेतीच्या दुकानात, खिडकीचे बसवाल्याकडे, विजेचे ट्रॅक्टरवाल्याकडे.

पण नवीन घ्यायच्या आधी जुना खरंच गेलाय का बघा. नळ बंद असताना पंप मधूनच चालतो म्हणजे दाब कुठेतरी उतरतोय. पंपातून बाहेर निघणारी नळी पंपाला लागूनच दुमडून चिमट्याने आवळा. आता पंप गप्प राहिला तर दोष पुढे आहे, एखादा नळ झिरपतोय किंवा क्लिप सैल आहे. तरीही घर्र चालूच असेल तर पंपाच्या आतल्या रबरी झडपा गेल्या. त्यात बहुतेकदा वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. डोक्याचे स्क्रू काढून झडपा धुऊन बघा. आणि टाकी ते पंप या वाटेत जाळीचा फिल्टर नसेल तर तो आधी बसवा.

पंप बदलायचाच ठरला तर फवारणीचा डायफ्राम पंप १२ व्होल्टचाच असतो, कृषी केंद्रात सुटा मिळतो. नवाच घ्या, औषध मारलेला कितीही धुतला तरी नको. या पाण्याने तुम्ही तोंड धुणार, डाळ शिजवणार. दुसरी गोष्ट दाबाची. चालत्या घराचा पंप साधारण ३० ते ४५ पीएसआयला आपोआप बंद होतो. फवारणीचा त्याच्या बराच वर जातो, तेवढ्यात तुमच्या जुन्या नळ्या क्लिपमधून निसटतील. पंपाच्या डोक्यावर प्रेशर स्विचचा बारीक स्क्रू असतो, तो थोडा थोडा उलटा फिरवून दाब उतरवा. स्विच नसलेला पंप घेऊ नका. धार कमी मिळेल, आंघोळीला वेळ लागेल, तेवढं चालवून घ्या. वायरला बॅटरीजवळ फ्यूज हवा. पंपाखाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवलात तर आवाजही निम्मा होईल.

प्रश्न : आमच्या गाडीत गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालणारा बाहेरचा जुना फ्रीज आहे. हिवाळ्यात पालला गेलो तेव्हा मस्त गार करत होता. एप्रिलमध्ये भुसावळात दारातच उभा केला तर दूध नासलं. गॅस भरायचा असतो का त्यात? यांचं म्हणणं, आपणच उघडून बघू. (वाचक भगिनी, भुसावळ)

उत्तर : ताई, त्यांना उघडू देऊ नका. या फ्रीजला कॉम्प्रेसर नसतो. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद केलेले असतात, उष्णता दिली की आपोआप फिरतात. ते भरायचं काम घरचं नाही, गल्लीतल्या फ्रीजवाल्याचंही नाही. पाठीमागे पिवळसर डाग आणि अमोनियाचा झणझणीत वास आला तर फ्रीज संपला समजा.

तुमचा संपलेला नाही. हा फ्रीज बाहेरच्या हवेपेक्षा साधारण वीसेक अंश खाली जाऊ शकतो. भुसावळचे चव्वेचाळीस वजा वीस करा, चोवीस अंशाला दूध नासणारच. तुम्ही करायच्या गोष्टी अशा : गाडी सपाट जागेवर उभी करा, तिरपी असली की आतलं फिरणं थांबतं. फ्रीजची पाठ सावलीकडे ठेवा. पाठीमागच्या खालच्या-वरच्या जाळ्या मोकळ्या आहेत ना बघा, त्यात कुंभारमाशीची घरं असतात. वरच्या जाळीआड संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा बाहेर हवा फेकेल असा लावा, त्याने खरंच फरक पडतो. १२ व्होल्टवर फक्त इंजिन चालू असताना ठेवा, नाहीतर बॅटरी रात्रीत बसते. एवढं करूनही आपल्या उन्हाळ्यात तो लंगडणारच. मला विचाराल तर तो विकून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज घ्या. पैसे जातील, पण वर एक सोलर पॅनल असलं की मे महिन्यातही दूध टिकेल.

गॅसचं मात्र स्पष्ट सांगतो, जोडणी स्वतः करायची नाही. आपला घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबारने गॅस सोडतो. बाहेरची उपकरणं ३०, ३७, ५० अशा वेगवेगळ्या दाबांची येतात, फ्रीजच्या पाटीवर ते छापलेलं असतं. जुळत नसेल तर ज्योत काजळी धरते. तुम्ही करायची तपासणी दोनच. रबरी नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं उलटली असतील तर बदला. आणि सांध्यांना साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतात का बघा. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत म्हणून लिहितो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो गाडीच्या तळाशी साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला खाली जमिनीकडे उघडणारं भोक असलंच पाहिजे. गालिचा टाकून ते बुजवलेलं मी बऱ्याच गाड्यांत पाहिलंय.

प्रश्न : जुनं ओएम ६१६ डिझेल इंजिन. गाडी महिनाभर उभी राहिली की चालू होत नाही. हातपंप मारला की लगेच घेते. मेकॅनिक म्हणतो, डिझेल पंप उतरवावा लागेल. (वाचक, धुळे)

उत्तर : भाऊ, पंप उतरवू नका. हातपंप मारल्यावर घेते याचा अर्थ उभ्या गाडीत लाइन हवा घेते आणि डिझेल मागे टाकीकडे उतरतं. मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं हे इंजिन, त्याचा पंप सहसा इतक्यात जात नाही. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ही रबरी नळी आधी बदला, वरून साबूत दिसली तरी दुमडून बघा, बारीक चिरा दिसतील. बँजो बोल्टांचे, म्हणजे ज्यांच्या पोटातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टांचे, तांब्याचे वायसर नवे टाका, जुने परत कसले तर हवा घेतात. मग फीड पंपाच्या पुढे थोडी पारदर्शक नळी तात्पुरती लावा आणि इंजिन चालवा. बुडबुडे दिसले तर दोष त्याच्या मागे, दिसले नाहीत तर फिल्टरपाशी. फक्त डिसेंबरच्या थंडीत त्रास असेल तर थंड इंजिन चालू करताना आत ऊब देणारे हीटर प्लग तपासा. हे इंजिन अजून कितीतरी जुन्या ट्रॅक्स गाड्यांमध्ये आहे, सामानाची चिंता नाही.

प्रश्न : तोरणमाळचा घाट उतरताना ब्रेक मऊ पडला. आणि गाडीच्या आरसी पुस्तकावर अजून प्रवासी वाहनच आहे, चालेल ना? (वाचक, शहादा)

उत्तर : दुसऱ्याचं आधी : नाही चालणार. आसनं काढून घर केलं म्हणजे वाहनात बदल झाला, त्याची नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे लागते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत मोडते. नंदुरबारच्या आरटीओत जाऊन आधी विचारा, मग सुताराला पैसे द्या. अपघात झाला तर विमावाला पहिल्यांदा पुस्तकच बघतो.

ब्रेक मऊ पडला तो ऑईल जुनं झाल्याने असेल. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, घाटात ड्रम तापले की ते पाणी उकळतं आणि पायाखाली वाफ येते. दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचंच, आणि वर्षभर उघडा पडलेला डबा वापरायचा नाही. सोबत चारही चाकांच्या सिलिंडरचे रबरी कप बघून घ्या. हे काम गॅरेजमध्येच करा. टाकी, बिछाने, भांडी मिळून तुमची गाडी किती जड झालीय, तेही एकदा वजनकाट्यावर घालून बघा. शहाद्याच्या आसपास उसाचा किंवा कापसाचा काटा सापडेलच.