गाड्यांतलं फारसं कळत नसेल, तर जुन्या मोटारींच्या संग्रहालयात काय बघावं?

चकचकीत रंगात अडकू नका, ड्रायव्हरच्या जागेत डोकावा. खरी मजा तिथे आहे. फोर्ड मॉडेल टी (1908 ते 1927) असेल तर पायाशी तीन पेडल दिसतील, पण अ‍ॅक्सिलरेटर एकही नाही! डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. वेग वाढवायची दांडी स्टीअरिंगखाली. आजचा पट्टीचा ड्रायव्हरही तिथे गोंधळेल.

मग पुढच्या बाजूला इंजिन सुरू करायचं हँडल शोधा. इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडे. 1912 मध्ये कॅडिलॅकने इलेक्ट्रिक स्टार्टर दिला, तेव्हा कुठे ही कटकट कमी होऊ लागली.

पहिली मोटार मानली जाणारी 1886 ची तीनचाकी बेंझ बहुधा प्रतिकृतीच असते, तरी बघाच. आणि हो, गाड्यांना हात लावू नका.