तिसऱ्या, सावली आणि चार इमाम

प्रिय मुली,

तुझा खर्डा दोनदा वाचला. फोंड्याच्या साफा मशिदीचं वर्णन छान उतरलंय, तळीच्या पायऱ्यांवर तू बराच वेळ बसली असशील हे कळतं. पण 'मुसलमानांत सुन्नी, शिया, सूफी आणि बोहरा असे चार पंथ आहेत' हे वाक्य आधी काढ. हिंदूंत वैष्णव, वारकरी, सारस्वत आणि अद्वैती असे चार पंथ असतात, असं कुणी लिहिलं तर तू हसशील ना? नावं सगळी खरी, पण एकेक नाव निराळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

शिया-सुन्नी हा प्रश्न नेतृत्वाचा. ६३२ मध्ये पैगंबर गेले, मग समाजाला वाट कुणी दाखवायची? सुन्नींनी पैगंबरांचे सहकारी अबू बकर यांची निवड मानली. शियांच्या मते तो अधिकार पैगंबरांचे जावई हजरत अलींचा आणि त्यांच्या वंशाचा; त्या वंशातल्या नेत्याला ते इमाम म्हणतात. बोहरा ही शियांचीच एक शाखा. ७६५ मध्ये इमाम जाफर सादिक गेल्यावर इस्माईलींची वाट बारा इमाम मानणाऱ्यांपासून वेगळी झाली, आणि १०९४ नंतर इस्माईलींतही दोन फांद्या फुटल्या. बोहरा एका फांदीवरचे, आगाखानांना मानणारे खोजा दुसऱ्या. सूफी मात्र या रांगेत बसतच नाही. ती साधनेची वाट. चिश्ती किंवा कादरी सिलसिल्यातला (गुरुपरंपरेतला) मुरीद, म्हणजे शिष्य, नमाज हनफी किंवा शाफई रीतीने पढतो. हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली या सुन्नींच्या धर्मशास्त्राच्या चार रीती, चार इमामांच्या, म्हणजे शास्त्रकारांच्या, नावाने ओळखल्या जाणाऱ्या.

इथेच तुझ्या लेखाचा खरा जीव आहे, कारण हनफी-शाफई हा फरक गोव्यात थेट ताटात दिसतो. शाफई घरात माणक्या, तिसऱ्या (शिंपले) बिनदिक्कत शिजतात, कारण समुद्रातला बहुतेक जीव त्यांना चालतो. हनफी शास्त्र फक्त मासळीला परवानगी देतं, आणि सुंगटाला (कोळंबीला) मासा म्हणायचं की नाही यावर हनफी आलिमांतच (धर्मपंडितांतच) जुना वाद आहे. दुपारनंतरच्या असरच्या नमाजाचंही तसंच: वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की शाफईंची वेळ सुरू, हनफींची ती दुप्पट झाल्यावर. (माध्यान्हीला असतेच ती सावली वगळून, बरं का.) शाफईंच्या एकत्र नमाजात 'आमीन' मोठ्याने ऐकू येईल, हनफींत हलक्या आवाजात.

हे दोन्ही इथे आले कसे? शाफई रीत अरबी तारवांबरोबर समुद्राने आली, म्हणून कोकणापासून मलबारपर्यंत किनाऱ्यावर ती दिसते. १०५३ च्या कदंब ताम्रपटात गोव्यातल्या मशिदीचा उल्लेख आहे, म्हणजे सुलतानांच्या फौजा येण्याच्या कितीतरी आधीची ही वस्ती. १३४० च्या दशकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या होन्नावरला आला, तिथले लोक शाफई असल्याची नोंद त्याने केली, आणि तिथूनच तो सांदाबूरला, म्हणजे आपल्या गोव्यात आला. तो स्वतः मालिकी होता. हनफी रीत मात्र मध्य आशिया, दिल्ली, दख्खन असं करत घाट उतरली.

साफा मशिदीवर 'सुन्नी' असा शिक्का मारू नकोस. ती १५६० ची मानतात, आणि तेव्हा फोंडा ज्यांच्या ताब्यात होता त्या विजापूरच्या गादीवर अली आदिलशहा होता, तो शिया. त्याचा बाप सुन्नी, आजोबांचा बाप यूसुफ पुन्हा शिया.

देवबंदी आणि बरेलवी (देवबंद आणि बरेली या गावांवरून नाव पडलेले दोन सुन्नी प्रवाह) हा वाद एकोणिसाव्या शतकातला. दोघेही हनफीच. दर्गा, उरूस यांवरून त्यांचं जुळत नाही. तुझ्या लेखात त्यावर दोन ओळी पुरेत.

एक गोष्ट मात्र ठळक लिही. इमाम शाफई हे इमाम मालिकांचे शिष्य, आणि अहमद इब्न हंबल शाफईंकडे शिकले. शिष्याने गुरूचं सगळंच मानलं नाही, गुरूचा आदरही सोडला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

तिशीत असताना मी अंकाच्या पहिल्या पानावर 'मोहरमच्या शुभेच्छा' छापल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एक वयस्कर शिया गृहस्थ कचेरीत आले, शांतपणे बसले आणि म्हणाले, "भाऊ, तो आमचा दुखवटा." ६८० च्या मोहरममध्ये करबल्यात हजरत अलींचे पुत्र इमाम हुसैन मारले गेले, हे मी पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. समोर बसलेल्या माणसाशी ते जोडलं नव्हतं. तू परत फोंड्याला जाशील तेव्हा 'तुम्ही कोणत्या पंथाचे' असं विचारू नकोस. नमाज कुणाकडून शिकलात, घरचे मूळचे कुठले, एवढं विचार आणि ऐकत बस. नवा खर्डा बुधवारपर्यंत धाड.