‘पाटेन्स’ का बदलले नाही?

प्रश्न असा आहे: एका चिमुकल्या हरितेचे, म्हणजे मॉसचे, नाव ‘फिस्कोमिट्रेला पाटेन्स’चे ‘फिस्कोमिट्रियम पाटेन्स’ झाले. पहिला शब्द स्त्रीलिंगी होता, तो नपुंसकलिंगी झाला. मग विशेषण तसेच कसे राहिले?

याचे उत्तर आपल्याच व्याकरणात सापडते. ‘मोठा डबा, मोठी डबी’ म्हणताना विशेषण बदलते, पण ‘लाल डबा, लाल डबी’ म्हणताना ‘लाल’ हलत नाही. लॅटिनमध्येही विशेषणे अशी दोन्ही प्रकारची असतात. याच प्रजातीतल्या (जीनसमधल्या, म्हणजे नावाचा पहिला शब्द तोच असलेल्या) ‘फिस्कोमिट्रियम पिरिफॉर्मी’ या नावातले विशेषण नपुंसकलिंगी आहे. स्त्रीलिंगी नामापुढे त्याचे ‘पिरिफॉर्मिस’ होईल. ‘पाटेन्स’ मात्र ‘लाल’च्या पंगतीतले. तिन्ही लिंगांत त्याची प्रथमा एकच.

मुळात ते वर्तमानकालवाचक धातुसाधित आहे, अर्थ ‘उघडे, पसरलेले’. त्याचे मूळ अंग ‘पाटेन्त्-’, आणि त्यातला ‘न्त्’ संस्कृतातल्या ‘भवन्त्’, ‘चलन्त्’ यांच्याशी सख्खे नाते सांगतो. आपण रोज वापरतो तो ‘पेटंट’ हा शब्दही याच घरातला, कारण पेटंट म्हणजे मुळात सर्वांना वाचता येईल असे उघडे राजपत्र. मला तर ही सोयरीक फार आवडते.

आता पहिला शब्द. ग्रीक ‘फिस्के’ म्हणजे फुगीर पिशवी आणि ‘मित्रिऑन’ म्हणजे छोटे शिरोवस्त्र. बीजुककोशावर, म्हणजे मॉसचे बीजासारखे सूक्ष्म कण (स्पोर) ज्यात तयार होतात त्या कोशावर, जे पातळ आवरण असते, त्याला उद्देशून हे नाव आहे. मराठीत मी त्याला ‘फुगीर टोपडे’ म्हणेन. ‘-एला’ हा लॅटिन लघुत्वदर्शक प्रत्यय. तो लागला की डब्याची डबी होते, लिंगासकट.

ही डबी, म्हणजे ‘फिस्कोमिट्रेला’, वेगळी का मानली होती? हिचा बीजुककोश आखूड देठावर पानांतच दडलेला असतो आणि त्याला झाकण नसते. तेवढ्यावरून प्रजाती निराळी ठरली. पुढे डीएनएच्या तुलनेत दिसले, की असे झाकण नसलेले कोश फिस्कोमिट्रियमच्या गोतावळ्यातच वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे उत्पन्न झाले आहेत. मग भिंत कशाला? २००८ साली जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा नाव ‘फिस्कोमिट्रेला’च होते, त्यामुळे प्रयोगशाळांना सवय मोडणे जड गेले. तरी बदल योग्यच आहे.

शिवाय हे नाव नवे नाहीच. वनस्पतिशास्त्रज्ञ हेडव्हिगच्या १८०१ च्या ग्रंथात ही वनस्पती ‘फास्कम पाटेन्स’ म्हणून येते. स्फॅग्नम हे दलदलीतले मॉस वगळता हरितांच्या नावांची अधिकृत गणना याच ग्रंथापासून सुरू होते. विल्यम मिटनने १८५१ मध्ये तिला ‘फिस्कोमिट्रियम’मध्ये नेले होते. म्हणून पूर्ण नाव लिहिताना शेवटी ‘(हेडव्हिग) मिटन’ असे येते: विशेषण पहिल्याचे, आजची जागा दुसऱ्याने दिलेली.