अनुदानित शाळेत जातिधर्मावरून होणारा भेदभाव पालक-सदस्याने कसा रोखावा?

आपण विचारले आहे की, गावातील पाचवी ते दहावीची शाळा शासनाच्या अनुदानावर चालते, तेथे मुले एकमेकांना जातीवरून आणि धर्मावरून चिडवतात, काही मुलांना कोणी गटात घेत नाही, आणि मुख्याध्यापकांकडे विषय काढला तर ‘आमच्याकडे तसे काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. अशा वेळी शाळा व्यवस्थापन समितीचा पालक-सदस्य नेमके काय करू शकतो? मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक आणि पुढे केंद्रप्रमुख म्हणून नोकरी केली, त्यामुळे शाळांनी दिलेली अशी उत्तरे आणि शाळांविरुद्ध आलेले अर्ज, दोन्ही माझ्या हाताखालून गेले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, मूल्यशिक्षणाचा जादा तास किंवा बाहेरच्या वक्त्याचे व्याख्यान मागण्यापासून सुरुवात करू नये. शाळा अशी मागणी आनंदाने मान्य करते, फोटो काढून अहवाल पाठवते आणि वर्गात काहीही बदलत नाही. सुरुवात वर्गातल्या रोजच्या व्यवस्थेपासून करावी, म्हणजे कोण कोठे बसतो, कोण झाडतो, पाणी कोण कोणाला देतो, नाव कसे पुकारले जाते आणि नोंद कशात होते, येथून.

नियमांची उणीव कधीच नव्हती, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूचा आहे हे सरकारने मान्य केले, पण एका मुलासाठी बाकीची शाळा रिकामी होईल या भीतीने प्रवेश दिला नाही. प्रकरण वरपर्यंत गेले आणि १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी स्पष्ट केले की, सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत. कागदावरचा तो निर्णय आणि प्रत्यक्ष वर्ग यांच्यामध्ये शाळेचा व्हरांडा होता. पुढची कित्येक दशके ‘प्रवेश मिळालेली’ मुले त्या व्हरांड्यातच बसली. सातारच्या शाळेत डॉ. आंबेडकर घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत आणि शिपाई नसला तर त्यांना पाणी मिळत नसे, ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, अशी शिफारस त्यात होती. अनुदानित शाळेच्या बाबतीत आजही वादाचा मुद्दा तोच आहे. संस्था खाजगी असेल, इमारत संस्थेची असेल, पण शिक्षकांचा पगार सर्वांच्या करातून होतो.

आजच्या कायद्यापैकी आपल्या कामाचे तेवढेच सांगतो. शासनाच्या निधीतून चालणाऱ्या किंवा शासनाची मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २९(२) मध्ये आहे. अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि मदत घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे आणि तसे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई करता येते. या कायद्याखालच्या केंद्राच्या २०१० च्या नियमांतील तरतूद मात्र मुळातून वाचण्यासारखी आहे, कारण ती लिहिणाऱ्याने शाळा जवळून पाहिली असावी : दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलाला वर्गात, मध्यान्ह भोजनाच्या वेळी, खेळाच्या मैदानावर, पिण्याच्या पाण्याच्या आणि स्वच्छतागृहाच्या वापरात, तसेच वर्ग व स्वच्छतागृहे साफ करण्याच्या कामात वेगळे काढले जाऊ नये किंवा त्याच्याशी भेदभाव होऊ नये. शाळेत जाऊन काय पाहायचे, याची यादी या एका वाक्यात तयार आहे.

ती यादी घेऊन एक दिवस पूर्ण शाळेत बसावे. समितीचा सदस्य म्हणून तशी परवानगी मुख्याध्यापकांकडे मागता येते. खिचडीच्या पंगतीत मुले आपोआप कशी बसतात ते पाहावे. माठावर ओगराळे कोणाच्या हातात असते आणि कोण ओंजळ पुढे करते, ते पाहावे. वर्ग झाडण्याच्या पाळ्या भिंतीवर लिहिलेल्या आहेत का, की ‘जो लवकर येतो तो झाडतो’ असे सांगितले जाते, ते विचारावे. लवकर येणारी मुले नेहमी तीच निघाली, तर आणखी चौकशीची गरज उरत नाही. यातील बहुतेक गोष्टींमागे कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पूर्वीपासून चालत आलेले कोणी मोडले नाही इतकेच, आणि म्हणूनच ‘आमच्याकडे तसे काही नाही’ हे मुख्याध्यापकांचे उत्तर पुष्कळदा प्रामाणिक असते.

शाळा स्वतः जात कशी पुकारते, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका शाळेच्या तपासणीत हजेरीपत्रक उघडले, तर ठरावीक मुलांच्या नावांपुढे तांबड्या शाईत प्रवर्ग लिहिलेला होता. कारण साधे होते : शिष्यवृत्तीची माहिती भरताना शोधाशोध नको. वर्गशिक्षकांची सोय झाली होती, पण तेच हजेरीपत्रक रोज वर्गातील एखादा विद्यार्थी कार्यालयातून आणत असे आणि जाता-येता वाचत असे. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की ‘मागासवर्गीय मुलांनी उभे राहा’ असे भर वर्गात सांगण्याची पद्धतही अनेक शाळांतून अजून गेलेली नाही. याचा परिणाम काय होतो, ते कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण मुलांबरोबर केलेल्या प्रयोगात दिसले. कागदावरची कोडी सोडवताना जात जाहीर केली नव्हती, तेव्हा उच्च आणि कनिष्ठ मानलेल्या जातींची मुले सारखीच चमकली. सर्वांसमोर नावाबरोबर जात वाचली गेली, तेव्हा कनिष्ठ मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. तेथे कोणी कोणाचा अपमान केला नव्हता, फक्त जात मोठ्याने वाचली होती.

म्हणून समितीच्या पुढच्या सभेत पहिला ठराव याच विषयाचा मांडावा : हजेरीपत्रकात प्रवर्गाचा उल्लेख नसावा, तो कार्यालयातील जनरल रजिस्टरपुरता राहावा आणि शिष्यवृत्तीविषयी पालकांशी स्वतंत्रपणे बोलावे. ही मागणी कोणाला जगावेगळी वाटली, तर तमिळनाडूचे उदाहरण देता येईल. तेथे २०२३ च्या ऑगस्टमध्ये नांगुनेरी येथे एका दलित विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बहिणीवर शाळेतल्याच मुलांनी घरात घुसून कोयत्याने हल्ला केला. त्यानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली आणि २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या तिच्या अहवालात, हजेरीपत्रकात जातीचा रकाना नको, शिक्षकांनी मुलांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे जातीवरून संबोधू नये आणि शिष्यवृत्तीची चर्चा वर्गात करू नये, अशा शिफारशी आहेत. मनगटावरच्या रंगीत दोऱ्यांबरोबर कपाळावरच्या खुणांनाही बंदी घालावी, ही त्याच अहवालातील शिफारस मला पटलेली नाही. टोळीची ओळख म्हणून बांधलेला दोरा आणि घरातली श्रद्धा यांतला फरक वर्गशिक्षकाला कळतो, आणि सरसकट बंदीने भांडणाला नवे निमित्त मिळते.

योजनाही नकळत भिंत उभी करतात. मोफत गणवेशाची योजना बराच काळ सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांच्यापुरती होती. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला गणवेश मिळे आणि दुसऱ्याला मिळत नसे, आणि ‘तुमचे सगळे फुकट’ हे वाक्य मुले तिथेच शिकत. २०२३-२४ पासून राज्याने उरलेल्या मुलांनाही गणवेश देण्याचा निर्णय घेतला, तो माझ्या मते समतेवरच्या दहा भाषणांपेक्षा उपयोगी आहे. पोषण आहाराचे स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले होते. आपल्या शाळेत स्वयंपाक कोण करते आणि त्यावरून कोणाचे डबे घरून येतात, हेही एकदा पाहून घ्यावे.

गुणांच्या बाबतीत एक छोटी सुधारणा फुकटात होते, ती म्हणजे उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक लिहिणे. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उत्तरपत्रिकेवर कनिष्ठ मानलेली जात दिसली की तपासणारे किंचित कमी गुण देतात, असे आढळले. गंमत अशी की, हा कल उच्चवर्णीय परीक्षकांपेक्षा कनिष्ठ मानलेल्या जातींतून आलेल्या परीक्षकांत अधिक दिसला. त्यामुळे ‘आमचे गुरुजी त्याच समाजाचे आहेत’ या उत्तराने समाधान मानू नये.

आता चिडवण्याविषयी. एखाद्या मुलाने दुसऱ्याला जातीवरून शिवी दिली किंवा धर्मावरून ‘तिकडे जा’ म्हटले, की बहुतेक शाळांत दोन्ही मुलांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावतात आणि विषय मिटला असे मानतात. यात ज्याचा अपमान झाला, त्यालाच पुन्हा सर्वांसमोर उभे राहावे लागते आणि त्याची जात वर्गातल्या ज्यांना माहीत नव्हती, त्यांनाही कळते. शिक्षकाने त्याच क्षणी, शिकवण्याच्या त्याच आवाजात ‘हा शब्द या वर्गात चालणार नाही’ असे सांगून शिकवणे पुढे न्यावे. ज्याला शिवी दिली त्याच्याशी मधल्या सुट्टीत एकट्याने बोलावे, ज्याने दिली त्याच्याशी शाळा सुटल्यावर बोलावे, आणि ‘गंमत केली’ हे उत्तर आले तर ती गंमत कोठून शिकलास, एवढे शांतपणे विचारावे. उत्तर बहुधा घरातले किंवा मोबाइलमधले असते. मग पालकांना बोलवावे लागते, आणि ते काम शिक्षकाला नकोसे असते, म्हणूनच तेथे समितीने बरोबर बसावे. मुलांच्या अशा वागण्यासाठी लगेच पोलिसांत जाण्याच्या मी विरुद्ध आहे. शिक्षक किंवा कर्मचारी असे वागत असेल, तर मात्र प्रकरण ‘आपसात’ मिटवण्याच्या फंदात पडू नये. तेथे कलम १७ आहे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांबाबत अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. २०२३ मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका खाजगी शाळेत शिक्षिकेने वर्गातल्या मुलांना एका मुस्लिम मुलाला थापडा मारायला लावल्या. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हक्क कायद्याचाच आधार घेतला आणि केवळ एखाद्या समाजाचा म्हणून मुलाला शिक्षा होत असेल, तर त्याला दर्जेदार शिक्षण म्हणता येणार नाही, असे सुनावले.

गट पाडणे आणि गटात न घेणे यावर सक्तीच्या मैत्रीचा उपाय चालत नाही. एकत्र काम केल्याशिवाय ज्यात कोणाचेच भागत नाही, असे काम द्यावे लागते. बाकांची अदलाबदल दर महिन्याला अक्षरक्रमाने किंवा चिठ्ठ्यांनी व्हावी, प्रयोगाचे आणि खेळाचे गट शिक्षकानेच पाडावेत, आणि कप्तानाला खेळाडू निवडायला सांगण्याची पद्धत बंद करावी, कारण शेवटी उरणारी मुले कोण असतात हे सर्वांना ठाऊक असते. दिल्लीत सवलतीचे भूखंड मिळालेल्या खाजगी शाळांना गरीब मुले घ्यावी लागली, तेव्हा गौतम राव यांनी केलेल्या अभ्यासात श्रीमंत मुलांची गरीब मुलांना टाळण्याची प्रवृत्ती कमी झालेली दिसली. त्यातही एकाच अभ्यासगटात बसण्याचा वाटा मोठा होता.

शेवटी आपल्या अधिकाराविषयी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालक त्यांच्या प्रमाणात असले पाहिजेत. अनुदानित शाळेलाही हे लागू आहे. मात्र २०१२ च्या दुरुस्तीनुसार अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेत आणि इतर अनुदानित शाळांतही समिती केवळ सल्लागार असते. सभेत तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते, म्हणून प्रत्येक मुद्दा इतिवृत्तात येईल असे पाहावे आणि पुढच्या सभेत त्या इतिवृत्तावरूनच विचारणा करावी. तक्रारपेटी असेल तर तिची किल्ली कोणाकडे आहे आणि ती कोणासमोर उघडली जाते, हे पहिल्यांदा विचारावे. एवढे करूनही शाळा हलली नाही, तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते, तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते. हा कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी आहे, त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांबाबत अर्ज शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे करावा. अर्जात ‘वातावरण वाईट आहे’ असे न लिहिता तारीख, तास, जागा आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत, मुलाचे नाव त्याच्या पालकांना विचारल्याशिवाय घालू नये, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी, कारण तीन महिन्यांची मुदत त्या तारखेवरूनच मोजून दाखवता येते.