कोंबड्यांना हर्बल पूरक खाद्य देऊन लसीकरण टाळता येईल का?

नाही. हे उत्तर मला गिरिराज जातीच्या २६० पिल्लांपैकी २०२ पिल्लांच्या भावात पडलंय.

कुडाळजवळ आमची शेड. सातव्या दिवशी लासोटाचे, म्हणजे राणीखेत रोगावरच्या पहिल्या लसीचे, थेंब डोळ्यांत घातले होते. सहा आठवडे झाल्यावर आर-टू-बी, त्याच रोगाची पुढची लस, टोचायची, नेमकी तेव्हा आषाढाची झड लागली, कॉजवे पाण्याखाली. थर्मासात बर्फ घालून लस आणायची कोणी? काका म्हणाले, "आमच्या आवशीन कधी टोचल्यान काय कोंब्यांक? गुळवेल उकळ." मलाही ते सोयीचंच वाटलं. परसातली गुळवेल ठेचून, हळद नि तुळस घालून रोज मोठं पातेलंभर काढा उकळायचो. वर बाजारातली 'इम्युनिटी' पावडर खाद्यात. पक्षी तुकतुकीत दिसायचे हो, खोटं कशाला बोलू.

श्रावणात एका सकाळी पाच-सहा पक्षी मान पाठीवर उलटी टाकून छपराकडे बघत बसलेले. खाली हिरवी पातळ हगवण. मानमोडी, म्हणजेच राणीखेत! तिला औषध नाही. आठवड्याभरात ५८ उरले. बाकीचे चुना टाकून खड्ड्यात पुरले, तेही पावसात, एकट्याने. काका त्या दिवशी देवळात होते.

गुळवेलीने अंगात ताकद येत असेल, पण राणीखेतचा विषाणू ओळखायला ती शरीराला शिकवत नाही. ते काम लसीचं. लासोटाचा परिणाम कालांतराने उतरतो, म्हणून पुढचा डोस. आणि पावडरीवर पैसे घालण्याआधी मक्याची पोती बघा. आपल्याकडच्या दमट हवेत भिंतीला टेकलेल्या पोत्याला बुरशी धरते, तिचं विष यकृत खराब करतं, मग केलेली लसही नीट लागत नाही. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. शेडमध्ये खाली अंथरलेला तूस ओला झाला की बदला, नाहीतर रक्ती हगवण ठरलेली. ह्यातलं काहीच डब्यात भरून विकता येत नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

हळद-लसूण मी अजूनही घालतो, शेवग्याचा पालाही. लस वेळेवर करून वर काय घालायचं ते घाला. कडुनिंब मात्र जपून, कडू लागलं की पक्षी खाद्य सोडतात. आणि हो, आर-टू-बी सहा आठवड्यांच्या आत नको, अंड्यावरच्या कोंबड्यांनाही नको. डॉक्टरांना विचारूनच करा. कोणती पावडर चांगली ते मला विचारू नका, सगळ्यांचा वास सारखाच येतो.

काका अजून दर गणपतीत चारचौघांत सांगतात, "तुझो काढो पातळ झालो." काका, वाचत असाल तर ऐका. काढा पातळ नव्हता. पातेल्याच्या बुडाला बसलेला थर घासायला मला दोन दिवस लागले होते.